कलेजी लिहिलेली बादली

मित्रांनो, माझे झाकण उघडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची आजवर निराशा झाली आहे. तेव्हा तुमचीही झाली तर मनाला लावून घेऊ नका. मी आईस्क्रीमची एक जुनी बादली आहे. चार लिटरची, पांढरी, तारेची कडी असलेली.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही हजारो बहिणी बाहेर पडलो, त्यामुळे कोणाचे लाड करावेत हा प्रश्न तेथे कोणाला पडला नाही. पुढे माझ्यात व्हॅनिला भरले गेले आणि कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहानशा गावच्या दुकानात मी सवलतीच्या मालात जाऊन बसले. स्टेफाने मला तेथून उचलले. तिच्या मुलीचा, लारिसाचा, वाढदिवस होता. त्या दिवशी पोरे चमचे सरसावून माझ्याभोवती बसली आणि ज्या प्रेमाने माझ्याकडे पाहू लागली, तसे प्रेम मला पुन्हा मिळाले नाही. माझ्या सुखाचा काळ दुपारी सुरू झाला आणि चहाच्या आत संपला.

दुसरे कोणते घर असते, तर संध्याकाळी मी कचऱ्यात गेले असते. पण स्टेफाच्या घरात 'रिकामी' याचा अर्थ 'अजून न भरलेली' असा होता. पावाच्या रिकाम्या पिशव्या मुलांच्या बुटांत जात, म्हणजे बर्फात मोजे ओले होत नसत. बटाटे उकडलेले पाणी पावाच्या पिठात जाई. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातली मेणकागदाची पिशवी धुऊन, वाळवून, कापून ठेवली जाई. नवऱ्याचा, म्हणजे ऑरेस्टचा, स्वेटर कोपरांवर विरला की उसवून त्याचा मुलासाठी, डॅरेलसाठी, लहान स्वेटर होई. एकच लोकर बापालाही टोचे आणि लेकालाही.

तिने मला आधी थंड पाण्याने विसळले आणि मग गरम पाण्याने धुतले. दुधाचे भांडे असेच धुवावे, मित्रांनो. आधीच गरम पाणी ओतले की वास चिकटून बसतो आणि साबण दुप्पट लागतो. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, अंगावर भोगलेले आहे.

मग माझी रवानगी तळघरातल्या डीप फ्रीजरमध्ये झाली. माझ्यात बीटचे सूप होते. मुले फ्रीजर उघडत, मला पाहून "आईस्क्रीम!" म्हणून किंचाळत, झाकण काढत आणि गप्प होत. गंमत म्हणजे काल बीट निघाले म्हणून आज आईस्क्रीम निघणार नाही, असे डॅरेलला कधी वाटले नाही. तो मुलगा पुढे शेअर बाजारात गेला.

"आई, तू खोटारडी आहेस," तो म्हणे.

"मी कुठे काय बोलले? बादली बोलली. तिला विचार," असे म्हणून स्टेफा त्याला त्याच सुपाची वाटी देई.

लोक आपल्याकडे आशेने पाहतात आणि मग तोंड फिरवतात, हे रोज सोसणे सोपे नसते. पण त्याहून वाईट पुढे होते. लोक माझ्याकडे बघेनासेच झाले.

झाले असे, की एका शरद ऋतूत शेजारच्या आग्नेसने गोऱ्हा कापला आणि कलेजी स्टेफाकडे पाठवली. ती माझ्यात आली. स्टेफाने माझ्यावर चिकटपट्टी लावली आणि जाड पेनाने लिहिले, 'कलेजी'. मित्रांनो, त्या घरात कलेजी म्हणजे शिक्षा होती. ऑरेस्टला नुसत्या वासाने मळमळे. मुले ताटाखाली सरकवत. शेवटी कुत्र्याने खाल्ली, तीही उपकार केल्यासारखी.

मला धुतले, पण चिकटपट्टी निघाली नाही. म्हणजे स्टेफाने ती काढली नाही. चांगली पट्टी कशाला वाया घालवायची? त्या वर्षी तिने नदीकाठच्या झुडपांवरून सास्काटून बेरी तोडून आणल्या होत्या. जांभळ्या, गोड, बोटे रंगवणाऱ्या. त्या भरून तिने पेरोगी केल्या, म्हणजे तुमच्या करंज्यांसारख्याच, पण उकडून खायच्या. थरांमध्ये कॉर्नफ्लेक्सचा मेणकागद घालून तिने त्या माझ्यात रचल्या. सहा जानेवारीला, म्हणजे जुन्या पंचांगाने येणाऱ्या युक्रेनी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, त्या ताटात पडायच्या होत्या.

एरवी तोपर्यंत काही उरत नसे, कारण डॅरेल. पण त्या वर्षी जानेवारी आला तरी मी काठोकाठ भरलेली होते. स्टेफाने झाकण उघडले, पेरोग्यांकडे पाहिले, चिकटपट्टीकडे पाहिले आणि तळघरात एकटीच हसली. त्या दिवसापासून मी कायमची 'कलेजी' झाले. दर वर्षी अक्षरे पुसट होत आणि दर वर्षी ती त्यांवरून पेन फिरवी.

हे गुपित तिने कोणालाही सांगितले नाही. ऑरेस्टला तर नाहीच. रोज सकाळी कामाआधी गावातले पुरुष हॉटेलात कॉफीला जमत, आणि ऑरेस्टला घरी सांगितलेली गोष्ट कॉफी निवायच्या आत सगळ्या गावाची होई.

ऑरेस्टने मात्र आपल्या डोक्याने हिशेब मांडला. सप्टेंबरमध्ये फ्रीजरमध्ये कलेजीची भरलेली बादली दिसते. जानेवारीनंतर ती रिकामी होऊन शेल्फावर असते. मी तर खात नाही. पोरे खात नाहीत. म्हणजे मी धान्याच्या गोदामावर कामाला गेलो की ही दुपारी एकटी बसून कलेजी खाते, आणि चांगलेचुंगले आमच्यासाठी राखते.

विचारावे असे त्याच्या मनात यायचे. पण विचारले तर कलेजी आपल्या ताटात येईल, ही भीती. म्हणून तो गप्प बसला. तळघरात काही आणायला आला की मला बाजूला सारी आणि पुटपुटे, "बिचारी." मला वाटे मलाच म्हणतोय. तेवढेच बरे वाटायचे.

मुले मोठी होऊन कॅलगरीला गेली. बाकीच्या बादल्या शेजारीपाजारी जात, चर्चच्या जेवणाला जात, चार घरचे पाणी पिऊन येत. आमच्याकडे बादली रिकामी परत करत नाहीत, त्यामुळे परतताना कधी लोणचे आणत, कधी नूडल्स. मला कोणी कुठे नेले नाही. कलेजी कोण मागणार? मी तळाशी, अंधारात, फ्रीजरच्या मोटारीची घरघर ऐकत बसे. वर्षातून एक दिवस मला वर स्वयंपाकघरात नेत, आणि तेव्हाही जेवणारे "वा!" म्हणत ते पेरोगीला. मी तोवर मोरीत असे.

मग एका सप्टेंबरात तिने मला भरले, अक्षरांवरून पेन फिरवले, आणि ऑक्टोबरात स्टेफा गेली.

तेराव्यासारखे काही आमच्याकडे नसते, पण चर्चच्या हॉलमध्ये जेवण असते. तेथे ऑरेस्ट उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या बायकोनं आम्हाला चांगलं मिळावं म्हणून जन्मभर कलेजी खाल्ली. आणि मी एकदासुद्धा म्हटलं नाही, की आण, आज मी खातो." बायकांनी डोळे पुसले. मुले तेव्हा हॉलच्या मागे भांडी घासत होती, त्यामुळे त्यांच्या कानावर हे गेलेच नाही. हे मला नंतर आग्नेसच्या बादलीकडून कळले. ती त्या दिवशी कोबी घेऊन तेथे होती.

मला ओरडावेसे वाटले. माझे तोंड मोठे आहे, मित्रांनो, पण त्याला झाकण आहे.

त्या हिवाळ्यात ऑरेस्ट काटकसर करू लागला. स्टेफा करायची ती नव्हे, दुसरीच. खाली आला की अंगावर घरातही ओव्हरकोट असे. वर एकच खोली तापवायचा. चहा आणि टोस्ट, टोस्ट आणि चहा. आग्नेसने जिन्यावरून हाक मारली, "ऑरेस्ट, रात्री जेवायला ये!" तर म्हणाला, "तिनं कलेजीवर दिवस काढले, मला टोस्ट पुरे."

फ्रीजरमध्ये जागा रिकामी झाली की स्टेफा तेथे पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवायची. "रिकामा फ्रीजर जास्त वीज खातो. भरलेला असला की एकमेकांना गार ठेवतात," असे ती म्हणे. आता त्यात मी, थोडे वाटाणे आणि खूप हवा. मोटार सारखी चालू. रिकाम्या घराचेही तसेच असावे. उबेसाठी दुप्पट जळण लागते.

सहा जानेवारी आली आणि गेली. मला कोणी वर नेले नाही.

फेब्रुवारीत लारिसा आली. बापाला कॅलगरीला न्यायचे आणि घर आवरायचे, असे ठरवूनच आली होती. तिने फ्रीजर उघडला आणि काळ्या पिशवीत भराभर टाकायला लागली. वाटाणे गेले. मग मी हाती आले.

"ईऽऽ! कलेजी!" तिने मला कडीला धरून लांब केले. "किती जुनी आहे देव जाणे. बाबा, ही चालली कचऱ्यात."

जिन्यावरून ऑरेस्ट म्हणाला, "ती टाकायची नाही."

"बाबा, तुम्हाला वासानं उलटी होते."

"होऊ दे. तिनं केलेली शेवटची आहे. मी खाणार."

"तुम्ही? कलेजी? अहो, कुत्र्यानं तोंड वाकडं केलं होतं!"

"तिनं खाल्ली ना? मग मी एकदा खाल्ली तर मरत नाही. आण इकडे."

 ओव्हरकोटात बाप लारिसाला फार लहान दिसत असावा. तिने मला वर नेऊन मोरीत ठेवले, तवा काढला, कांदा चिरला आणि खिडकी उघडली. बाहेर उणे तीस होते. कलेजीपेक्षा ते बरे, असे दोघांचेही मत पडले.

ऑरेस्टने डाव्या हाताने नाक चिमटीत धरले, डोळे मिटले आणि उजव्या हाताने माझे झाकण ओढले.

लारिसाने आत वाकून पाहिले. मग ती म्हणाली, "बाबा, ही कलेजी नाहीये."

"बग काय आहे?" तो नाक धरूनच म्हणाला, म्हणून 'मग'चा 'बग' झाला.

"डोळे उघडा आधी."

त्याने उघडले. मेणकागदावर जांभळे डाग पडले होते. खाली पेरोग्या, कडा स्टेफाच्या बोटांनी दुमडलेल्या. त्याने सगळे थर उचकून पाहिले. तळापर्यंत पेरोग्याच होत्या.

"म्हणजे ती... खात नव्हती?"

"कोण?"

"तुझी आई. कलेजी."

 "आई? बाबा, आईला तर कलेजी तुमच्यापेक्षा जास्त नकोशी होती! ती शिजवतानासुद्धा तोंडाला रुमाल बांधायची."

"अगं, मी हॉलमध्ये सगळ्या गावासमोर उभा राहून सांगितलं!"

ती हसायला लागली. मग तोही हसला, आणि मध्येच केव्हातरी त्याचे हसणे रडणे झाले. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यामुळे खाते. एवढी वर्षं. देवा, बरं झालं. खोटारडी होती, बरं झालं."

"बादली बोलली," लारिसा डोळे पुसत म्हणाली. "तिला विचारा."

त्याने खिडकी लावली. ओव्हरकोट काढून खुंटीला टांगला. आग्नेसला फोन केला, "ये जेवायला. कलेजी आहे." ती म्हणाली, आली असती पण गुडघा दुखतोय. मग खरे काय ते कळल्यावर गुडघा लगेच बरा झाला.

तो कॅलगरीला गेला नाही. यंदाच्या उन्हाळ्यात तो स्वतः नदीकाठी बेरी तोडायला गेला आणि आग्नेसच्या देखरेखीखाली त्याने पेरोग्या केल्या. निम्म्या फुटल्या. उरलेल्या माझ्यात आहेत. त्या भरताना मदतीला आलेल्या लारिसाने विचारले, "बाबा, आता तरी ही चिकटपट्टी काढू का?"

"खबरदार," ऑरेस्ट म्हणाला. "डॅरेल यायचाय." आणि त्याने जाड पेन हातात घेऊन अक्षरे नीट गिरवली.

तर मित्रांनो, मी पुन्हा तळाशी आहे, अंधारात. माझ्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. पण आता फ्रीजरमधल्या मोकळ्या जागी पाण्याच्या बाटल्या आहेत आणि मोटार मध्येमध्ये विसावा घेते. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. तिला फेकू नका. आधी थंड पाण्याने धुवा, मग गरम. आणि घरात कोणी आपल्यासाठी कलेजी खात आहे असे वाटले, तर जन्मभर मनात ठेवू नका. त्याच दिवशी विचारा. फार तर काय होईल, कलेजी ताटात येईल.