दोघांचा बाजा

भाऊबीजेला ओवाळून झालं. भागवतदादाने ताटात साडी ठेवली आणि पिशवीतून आमचा लहानपणीचा बॅटरीवरचा, पट्ट्यांचा छोटा बाजा काढला.

"घे माले, तुझा बाजा. माळ्यावर सापडला." आणि लगेच पुढे, "सोमवारी राहात्याच्या रजिस्ट्री ऑफिसात ये. हक्कसोड करून टाकू. सगळ्याच बहिनी करत्यात."

करतात खऱ्या. आमच्याकडे बाप गेला की बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावाने साडी नेसवायची, मग माहेरचं दार उघडं राहतं. आबांना जाऊन वर्ष झालं होतं.

तुझा बाजा म्हणे! आबांनी तो नगरहून आणला तेव्हा आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "एकच हाय. दोघांचा." दादाने मला हातसुद्धा लावू दिला नाही. मी रडून आबांकडून मिळवला, तर पठ्ठ्याने स्पीकरच्या जाळीतून स्क्रू ड्रायव्हर खुपसला. त्याला नाही तर कुणालाच नाही. तेव्हापासून बाजा मुका.

दुसऱ्या दिवशी मी तो खोलला. स्पीकरच्या कागदी पडद्याला भोक तसंच होतं. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"भंगारात टाक," आमचे हे म्हणाले. "सही कर आन् मोकळी हो. भावाशी वाकडं कशाला?" "तुमच्या बहिनीनं मुकाट्यानं केली तशी?" मी विचारलं. ते चहा प्यायला लागले.

नगरला जाऊन स्पीकर आणला. तो जरा मोठा निघाला, बसेचना. मग सुरी तापवून आतली प्लास्टिकची कड कापली. लग्नाआधी मी एमआयडीसीत सोल्डरिंगच करायचे; हात विसरला नव्हता. दोन तारा जोडल्या, सेल घातले, पट्टी दाबली. आधी खरखरला, मग असा खणखणीत वाजला की मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग रडलेही. दादावर माझा जीव आहे. तापात मला सायकलवर बसवून दवाखान्यात नेणारा तोच. माहेर तुटेल याचीच भीती होती.

सोमवारी तो ऑफिसबाहेरच्या बाकावर कागद मांडून बसला होता. मी त्या कागदांवरच बाजा ठेवला आणि वाजवला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"नीट केलास व्हय?" दादाची बोटं आपोआप पट्ट्यांवर गेली. थोडा वेळ तो वाजवत राहिला. मग भानावर आला आणि पेन पुढे केलं. "कर सही."

"करते की. पन दुसरा कागद आन. बाज्यावरचा माझा अर्धा हक्क मी सोडला, असं लिही त्याच्यावर. हा आता एकट्या तुझा."

"आन् जमीन?"

"तीबी आबांनी दोघांचीच ठेवलीय. तशीच ऱ्हाऊ दे."

त्याचा चेहरा लाल झाला. "माहेर तुटंल, माले."

"तवाबी जाळीत तूच खुपसलं हुतंस, दादा. मी न्हाई." मी पेन त्याच्याकडे परत सरकवलं. "नागपंचमीला मी येनार म्हंजे येनार. दार लावलंस तर वट्यावर बसंन. वटाबी अर्धा माझाच हाय."