पालेभाजीचा आठवडा

माझ्या छातीत टिक्-टिक् वाजतं. हृदयात धातूची झडप आहे, अडीच वर्षांपूर्वी बसवलेली. गीतू आता चार वर्षांची होईल. दुपारी माझ्या छातीला कान लावल्याशिवाय तिला झोप येत नाही. "आई, तुझं घड्याळ आज जोरात चालून राहिलं," म्हणते, आणि त्या आवाजावरच तिचे डोळे मिटतात. मी तिच्या केसांतून हात फिरवत पडून राहते. चालू दे बाई, म्हणते.

त्या झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रोज संध्याकाळी सातला रक्त पातळ करायची गोळी. जन्मभर. ते मला कबूल होतं. पातळ झालेलं रक्त दर महिन्याला कोणती वाट धरेल, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

आठ-आठ दिवस पाळी. पहिले चार दिवस दर तासाला पॅड. शाळेत मला दुसरीचा वर्ग आहे, म्हणजे चाळीस मुलांना "पळू नका रे" सांगून मीच पळायचं. साड्या सगळ्या काळ्या नाहीतर मरून. खुर्चीवर बसायच्या आधी हजेरीच्या वहीचं प्लास्टिकचं कव्हर खाली टाकायचं. पाचव्या दिवशी फळ्यावर 'बदक' लिहिताना मला दोन बदकं दिसली. हिमोग्लोबिन सात.

अमरावतीच्या हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले, "ते बायकांच्या डॉक्टरला दाखवा." इथे अकोल्यात जठारपेठेतल्या बायकांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळीवर आहात, मी हात कशी लावू? हृदयवाल्यांना विचारा." अकोला ते अमरावती, अमरावती ते अकोला. दोघांच्या मध्ये मी, पर्समध्ये सहा पॅड घेऊन.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तोडगा काढला. "एक मुलगी आहे ना? मग पिशवी काढून टाकू. तसंही दुसरं मूल तुम्हाला झेपणार नाही. चौदा तारखेला या. गोळी किती दिवस आधी बंद करायची, तेवढं पत्र आणा."

मी एकोणतीस वर्षांची आहे. दुसरं मूल मला हवंच होतं असं नाही. पण माझ्या शरीरातलं काही काढायचं ठरवायला त्यांना पाण्याचा ग्लास संपवण्याइतकाही वेळ लागला नाही, याचा मला राग आला.

घरी माझा नवरा नागसेन म्हणाला, "होऊन जाऊ दे एकदाचं. मले तुले असं पाहवत नाही."

"तुला पाहवत नाही म्हणून माझी पिशवी काढायची का?"

तो बाहेर जाऊन स्वच्छ असलेली गाडी पुसत बसला. त्याला वाईट वाटलं, हे मला दिसत होतं. पण त्या दिवसांत माझ्याकडे कोणासाठीच माया उरली नव्हती, एक गीतू सोडली तर.

आणि आत्याबाई. माझ्या सासूबाई, पंचफुला. त्यांचा डॉक्टरवर भरवसा नाही, पातेल्यावर आहे. माझी पाळी आली की त्या पिशवी घेऊन बाजारात निघत. पालक, मेथी, चवळीची भाजी, शेपू. दोन्ही वेळा माझ्या ताटात डोंगर. "रक्त गेलं तं रक्त भरा लागते. खाय. तोंड वाकडं करू नोको." पाळी संपली की डोंगरही संपे, कारण नागसेन आणि गीतू पालेभाजीला शिवत नाहीत. मग पुन्हा तूरडाळ, बेसन, वांगं.

रक्त किती पातळ आहे ते पाहायची तपासणी मी जुन्या शहरात रुबीनाच्या लॅबमध्ये करते. ती तपासणीही पाळी संपल्यावरच. त्या आठ दिवसांत शाळा आणि घर यापलीकडे पाऊल टाकायची हिंमत नसे. दर वेळी आकडा कमी यायचा. दीड, एक पूर्णांक सात. हवा अडीच ते साडेतीन. रिपोर्टचा फोटो अमरावतीला पाठवायचा, तिकडून दोन शब्द यायचे : गोळी वाढवा. मी वाढवायची. पुढच्या महिन्यात आणखी रक्त.

या महिन्यात ऑपरेशनसाठी रिपोर्ट हवा होता, म्हणून नऊ तारखेला गेले. पाळी संपून अठरा दिवस झाले होते.

रुबीनानं आकडा पाहिला, मला पाहिलं, आणि पुन्हा मशीन लावलं. मग जवळ येऊन हळू म्हणाली, "ताई, दात घासताना रक्त येते का?"

"कधी कधी. काहून?"

"पाच पूर्णांक आठ आला. दोनदा केला. तुमचा तं दर टायमाले दीड-पावणेदोन राहते."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. चौदा महिन्यांचे चौदा रिपोर्ट. "हे पाहा, सगळे पाळीनंतरचे. हा एकच मधला. पाळीत गोळी चुकवता का?"

"एकही नाही."

"मग खाता काय?"

मी आत्याबाईंचं पातेलं सांगितलं. ती हसायला लागली आणि अर्ध्यात थांबली. "आमच्या अब्बाले हीच गोळी आहे ताई. त्यायच्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगतलं, पालक खायचा तं रोज तेवढाच खा. एकदम खाल्ला तं गोळीचा जोर मारते. तुमाले नाही सांगतलं कोणी?"

मी गल्लीत येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. आठ दिवस पाला खायचा, गोळीचा जोर मरायचा. तेव्हाच तपासायचं, आकडा कमी. गोळी वाढवायची. मग पाला बंद, आणि वाढलेली गोळी मोकाट. पुढची पाळी म्हणजे पूर. पूर पाहून आत्याबाईंचं पातेलं आणखी मोठं. चौदा महिने. आणि या सगळ्याच्या शेवटी माझी पिशवी काढायची तारीख.

घरी न जाता मी अमरावतीची बस धरली.

"पत्रासाठीच ना? फोन केला होता तुम्ही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "बसा, लिहून मिळेल."

"आत जायचंय."

डॉक्टर पत्र लिहायला लागलेच होते. मी त्यांच्या कागदावर हात ठेवला. तळवा पसरून, वर्गात मुलांच्या वहीवर ठेवते तसा. त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मी दुसऱ्या हातानं रुबीनानं छापून दिलेले पंधरा रिपोर्ट पुढे सरकवले आणि सांगितलं. पाळी, पातेलं, तारखा.

ते बराच वेळ कागद उलटत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही पालेभाजीचं कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

"डिस्चार्जच्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं."

"असेल. अकरा पानं बारीक इंग्रजी आहे, ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी हातात दिलेलं. तेव्हा मला उठून बसता येत नव्हतं. नंतर नाही वाचलं, ती माझी चूक. आणि पाळीचं तर मी बोलले होते. चारदा. ते कोणत्या पानावर लिहिलं तुम्ही?"

माझा आवाज चढला नव्हता. पण बाहेरची मुलगी दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी तिला जा म्हणून हात केला आणि फोन उचलला. आपल्याच ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना त्यांनी माझं सगळं सांगितलं. तिकडून काय आलं ते त्यांनी मला मराठीत सांगितलं : हार्मोनची एक बारीक वस्तू असते, तांबीसारखी, पिशवीत बसवतात, रक्त हळूहळू कमी होतं. आकडा जागेवर आला की बसवू. पिशवी काढायची घाई नाही. आजची आणि उद्याची गोळी घेऊ नका, परवा परत तपासा. पालेभाजी रोज एक वाटी, न चुकता.

भिंतीवरच्या घड्याळात मी पाहिलं. फोनला चार मिनिटं लागली.

चार मिनिटं. मी चौदा महिने चाळीस मुलांकडे पाठ करायला घाबरले होते.

ते "सॉरी" म्हणाले, असं मला वाटतं. मी रिपोर्ट गोळा करत होते, नीट ऐकलं नाही.

घरी पोचले तेव्हा आत्याबाई ओट्याशी शेंगा सोलत होत्या, गीतू दाणे पळवत होती. मी सांगितलं. शक्य तेवढं हळू सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे मीच तुले मारून राहिली होती?"

"नाही आत्याबाई."

"नाही काय? मी टोपल्यानं खाऊ घातलं ना."

मला त्यांच्यावरही रागवायचं होतं. बसमध्ये बडनेऱ्यापासून जुळवलेली वाक्यं होती. पण त्या घरात माझं रक्त किती गेलं हे रोज विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मी वाटी काढून ओट्यावर ठेवली. "रोज एवढी. कमी नाही, जास्त नाही. मला एकटीला करू नका, सगळ्यांना करा."

"नागसेन नाही खात."

"खाईल."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी गीतूला कडेवर घेतलं होतं, म्हणून त्यांनीच उचलला. जठारपेठेतून होता, चौदा तारखेचं पक्कं करायला.

"कोण? सून आहे माही. काय? पिशवी काढाची?" आत्याबाईंनी पदर खोचला. "नाही येत ती. ... पत्र-बित्र काही नाही. तुमच्या बाईले सांगा, आधी इचारत जा माणसाले, मंग कापत जा. ... हाव, पंचफुला. लिहून घ्या."

फोन ठेवून त्यांनी वाटी उचलली, आत बोट फिरवून मापली.

"ही बारकी आहे," म्हणाल्या. "दुसरी काढ."

"हीच," मी म्हणाले.

गीतूनं माझ्या छातीला कान लावला होता.