हजेरीच्या ढालीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे, पण लढाई मी कधी पाहिली नाही. सागवानी फळीवर पितळी पत्रा ठोकून मला १९६८ साली मालाडच्या एका शाळेत आणलं. ज्या वर्गाची आठवड्याची हजेरी सर्वांत जास्त, त्या वर्गात मी खिळ्यावर टांगली जाई. सलग तीन आठवडे जिंकणाऱ्या वर्गाचं नाव माझ्या पत्र्यावर कोरलं जाई. त्यामुळे माझा भाव भलताच वधारला होता.

चौथी 'ब'ने मला दोन आठवडे राखलं आणि तिसऱ्या सोमवारी कोळीवाड्यातल्या कुंदाला गालगुंड झालं. तिची आई सुगंधा तिला घरीच ठेवणार होती. पण मॉनिटर नंदू दारात जाऊन उभा राहिला.

"कुंदा, तू नाही आलीस तर आपली वाट लागली ना," तो म्हणाला.

भर उकाड्यात कुंदा बापाचा मफलर गालांभोवती गुंडाळून आली. काशीराम गुरुजींनी मफलर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने हजेरी मांडली. खरं सांगते, मला आनंदच झाला. शनिवारी चौथी 'ब'चं नाव कोरलं गेलं.

पुढचे पंधरा दिवस सगळं झकास होतं. मग बाकं रिकामी होऊ लागली. नंदू सुजला, त्याची भावंडं सुजली, मग त्यांची सगळी चाळ. सुगंधाचा आवाज एरवी मासळीबाजारात सगळ्यांच्या वर असे. ती आता बोटांनी भाव सांगू लागली आणि घासाघीस करणाऱ्या बायकांचं फावलं. शेवटी गुरुजींचेही गाल फुगले.

बरी झालेली मुलं परतली ती कुंदावर खार खाऊनच. तिच्या बाकावर कोणी बसेना. ती शाळाच सोडायची म्हणत होती. तेव्हा गुरुजी माझ्याखाली उभे राहिले.

"कुंदाला कोणी बोलायचं नाही," ते म्हणाले. "ती आजारी होती, हे मला दिसत होतं. मला ढाल हवी होती."

नंदू उठला आणि कुंदाशेजारी जाऊन बसला.

तेव्हापासून घरून चिठ्ठी आणणारं आजारी मूल हजर धरलं जाऊ लागलं. पहिल्याच आठवड्यात पाच चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या तीन नंदूच्या अक्षरात.

चौथी 'ब'चं नाव अजून माझ्या अंगावर आहे. कोणी ते कौतुकाने वाचलं की मला लाज वाटते. तेव्हा मित्रांनो, गाल सुजले, ताप आला, तर खुशाल घरी राहा. मी खिळ्यावरच आहे, कुठे पळून जात नाही.