मला दिसतं तेवढंच

मित्रांनो, तुमसरच्या एका दवाखान्यात कोपऱ्यात उभी असलेली सोनोग्राफीची जुनी मशीन म्हणजे मीच. नवी होते तेव्हा नागपूरच्या मोठ्या इस्पितळात माझं फार कौतुक व्हायचं. मग तिथे नवी मशीन आली आणि मी इकडे आले. इथे शेजारच्या राईस मिलचा कोंडा उडून माझ्या पंख्यात बसतो. बटणांवरची अक्षरं पुसली गेली. तरी पोटातलं लेकरू मी अजून नीट दाखवते.

उन्हाळ्यात करडी गावची कामिनी आली. तिसरा महिना सरत आला होता. बाळाच्या मानेमागे पाण्याची जागा मला जास्त दिसली. तृप्ती डॉक्टरांनी दोनदा मोजलं, असं पाणी कधी गुणसूत्रांतल्या दोषानं वाढतं, म्हणून ती तपासायला नागपूरला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत कामिनी धड जेवली नाही म्हणे.

रिपोर्ट चांगला आला. सासूबाई, मंदाबाई, माझ्यासमोरच म्हणाल्या, "मंग हे मशीनच खोटी. म्हातारी झाली ते."

कामिनीचं मात्र समाधान झालं नाही. "गुणसूत्रं बरोबर आहेत, तर मंग ते पाणी कायले होतं, मॅडम?"

डॉक्टर म्हणाल्या, "पुष्कळदा ते आपोआप जातं, लेकरू छान असतं. कधी हृदयात अडचण असते. आता ते हृदय तांदळाच्या दाण्याएवढं आहे, नीट दिसत नाही. पाचव्या महिन्यात पुन्हा या."

पाचवा महिना लागला तो नेमका रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटून ठेवलेले, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखल तयार, अशा वेळी आमच्याकडे कोणी घर सोडत नाही. मंदाबाईंचं म्हणणं होतं, रोवणा आटोपला की पाहू, रिपोर्ट तर चांगलाच आहे. कामिनी ऐकेना. नवरा सूरज चिखलाच्या पायांनीच तिला घेऊन आला.

डॉक्टरांनी बाळाचं हृदय पुन्हा पुन्हा पाहिलं. माझा पंखा घरघरत होता. हृदयातून निघणारी एक नळी अरुंद दिसत होती; डॉक्टरांनी ती दोघांना दाखवून समजावलं.

"जन्मल्यावर इलाज होते?" कामिनीनं विचारलं.

"होतो. पण आधी नागपूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. बाळंतपणही तिथंच करायचं. इथं जन्मून गाडी शोधत बसलो, तर उशीर होईल."

सूरजनं आईला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडे बांधीतल्या बायांचा गलका होता. मंदाबाई म्हणाल्या, "पऱ्हे सुकले तं सुकू दे. तुम्ही आजच नागपूरले निघा, बाबू."

मित्रांनो, 'सगळं ठीक आहे' एवढंच ऐकायला माणसं येतात. त्यांचे चेहरे पाहून पाहून मी थकले आहे. तो शब्द माझ्यापाशी नेहमी नसतो. तुमच्या घरात कोणी आई होणार असेल आणि डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं असेल, तर एक चांगला रिपोर्ट हाती आला म्हणून थांबू नका. काम बाजूला ठेवा आणि तिच्यासोबत या.