गृहिणीला दिसलेली थंडी

पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातले जयतीर्थराव या शहराला अजून मद्रासच म्हणत, आणि एका जुन्या जपानी सिनेमाला कोणी नागडा म्हटलं की भर सभेत त्याची खरडपट्टी काढत. तरुणपणी फिल्म सोसायटीत त्यांनी तो एकदाच पाहिला, तोही खाली भाषांतराची अक्षरं नसलेला. जपानी त्यांना ओ की ठो येत नव्हतं. तरी तमिळ मासिकात त्यांनी चाळीस पानांचा लेख ठोकून दिला. बर्फात गच्चीवर विवस्त्र उभी मुलगी म्हणजे परक्या लष्करी तळांखाली दबलेला देश, आणि शेवटी ती तीनदा ओरडते ते ‘सामुई’ म्हणजे ‘उठा!’ लेख गाजला. इतिहासाच्या या मास्तरांना पुढे सगळे त्या लेखावरूनच ओळखू लागले.

आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याचं पुस्तक निघणार होतं आणि प्रकाशनाला तो सिनेमा दाखवायचा होता. खालची अक्षरं लिहायला त्यांनी ऋजुताला गाठलं होतं. ती पुण्याची, इथे मोटारींच्या कारखान्यात जपानी साहेबांची दुभाषी. रविवारी दुपारी ती त्यांच्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटवर लॅपटॉप घेऊन आली.

“सर, सगळं झालं. फक्त शेवटचा शब्द...”

“तोच तर प्राण हाय, अम्मा! लिहिलंस ना, उठा?”

ऋजुता खाली बघत म्हणाली, “सामुई म्हणजे थंडी वाजतेय, सर. मी दहा वेळा ऐकलं.”

तिने तो प्रसंग लावला. मुलीचे दात वाजत होते, ओठ काळेनिळे पडले होते. एवढ्या वर्षांत जयतीर्थरावांना ते ओठ कधी आठवले नव्हते.

“ती कोणास सांगते?”

“समोर कोणी पात्र नाहीये. ती कॅमेऱ्याकडे बघतेय. पटकथेत इथे नुसतं ‘ओरडते’ एवढंच आहे. हे त्या नटीचं स्वतःचं असावं.” मग त्यांचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, “पण सर, लाक्षणिक अर्थ लावता येईलच की.”

त्यांनी हातानेच तिला थांबवलं. त्यांना बायको आठवली. त्रिपुरसुंदरीला जाऊन पाच वर्षं झाली होती. हा सिनेमा पाहिला तेव्हा नवीन लग्न झालेलं, ती त्यांच्या शेजारी बसली होती. सगळे श्वास रोखून बघत असताना ती घरच्या मराठीत मोठ्याने म्हणाली होती, “पावम् गं, बिचारी! पोरीस थंडी वाजते. कोणी शाल तरी द्या की तीस!” मित्र खो खो हसले. सगळ्यात जास्त जयतीर्थराव हसले. त्यानंतर ती त्यांच्याबरोबर कधीच सिनेमाला आली नाही, आणि का येत नाहीस हेही त्यांनी कधी विचारलं नाही. आता ते आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली.

“लिही अम्मा, थंडी वाजते,” ते म्हणाले. मग उठून त्यांनी कपाटातली, छापखान्याकडून परत आलेली लेखाची वही काढली. तिच्यावर लिहिलेलं ते वाक्य पुस्तकात तरी जायला नको होतं. एकतिसाव्या पानावर ते सापडलं: ‘एका गृहिणीला इथे फक्त थंडी दिसली; क्रांती दिसायला नजर लागते.’

त्यांनी लाल पेन उघडलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. त्यांचं अक्षर छापखान्याला लागत नसे, म्हणून प्रत्येक लेखाची स्वच्छ प्रत त्रिपुरसुंदरीच करून द्यायची. हे वाक्यही तिनेच उतरवलं होतं, गोल, ठळक अक्षरात, कुठे खाडाखोड न करता.