मार्गशीर्षात दाखवलेली जागा

“चुना कुणी टाकला हितं?” सटवाने खांद्यावरची कावड न उतरवताच विचारले.

बंकट मुकादम टेप गुंडाळत होता. “आमी टाकलाय. कावून? रांगोळी पसंद न्हाई पडली का?”

त्याचे दोन मजूर हसले. सटवा हसला नाही. पाणवठ्याभोवती चुन्याचा आयत आखलेला होता आणि चारही कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या.

“सनसेट पॉइंट व्हनार हाय,” बंकट म्हणाला. “पाच बाकडी, रेलिंग, खाली फरशी. लोक मांजरसुंब्याहून गाड्या घिऊन येतेल, डबे सोडतेल, सूर्य बघतेल.”

“अन् मोर?”

“मोर बी बघतेल की. त्यान्ला तिकीट न्हाई.”

डोंगरातल्या त्या उद्यानात सटवा सव्वीस वर्षे रोजंदारीवर पाणी भरत होता. पाणवठा म्हणजे अडीच मीटर व्यासाची, बशीसारखी उथळ सिमेंटची टाकी. मध्यभागी खोली एक फूट आणि कडेला शून्य, म्हणजे पिल्लू घसरले तरी चालत बाहेर यावे. टँकर खालच्या रस्त्यावर थांबे. तेथून तीनशे चाळीस पावलांचा चढ, आणि कावडीला दोन पत्र्याचे डबे. उन्हाळ्यात रोज सहा खेपा होत. शेवटची खेप ओतून झाली की सटवा रिकाम्या डब्यावर दगडाने तीन ठोके देई आणि बाजूला होई. मग करवंदीच्या जाळीतून मोर आणि लांडोरी एकेक करून बाहेर येत. त्यांची वेळ ठरलेली होती: सूर्यास्ताआधीचा अर्धा तास. पाणी पिऊन उजेडातच झाडावर चढायचे. अंधार पडल्यावर मोर पाण्यावर उतरत नाही. माणसाच्या सहलीची घटका आणि मोराच्या पाण्याची घटका एकच होती, आणि आराखडा करणाऱ्याला त्यांतली एकच ठाऊक होती.

सटवा कावड तशीच ठेवून चौकीवर गेला. वनरक्षक तेजश्री नोंदवही लिहीत बसली होती. तिला या डोंगरात येऊन वर्षही झाले नव्हते.

“मॅडम, पॉइंटची जागा चुकली.”

“मामा,” ती मान वर न करता म्हणाली, “जागा तुम्हीच दाखवलीत की.”

सटवा खाली बसला, कारण ते खरे होते.

मार्गशीर्षात वरून भरून पाठवायचा एक तक्ता आला होता: सूर्यास्त पाहत सहभोजन करण्याजोग्या रमणीय जागा, किमान सहा. तेजश्रीला एकही माहीत नव्हती. सटवाने तिला दोन दिवस डोंगर फिरवला. वडाचा माळ दाखवला, तुटका कडा दाखवला, मेंढ्या बसवायची जुनी जागा दाखवली. सहावी जागा लिहून झाल्यावर तिने सहज विचारले, “मामा, यातली तुम्हाला सगळ्यात भारी कोणती वाटते?”

सव्वीस वर्षांत कचेरीतल्या कुणी त्याला ‘तुम्हाला काय वाटते’ असे विचारले नव्हते. तो तिला सातव्या जागी घेऊन आला. तेव्हा ओढे वाहत होते. पाणवठा कोरडा, पाचोळ्याने भरलेला होता. जाळीत एकही पक्षी नव्हता. समोरच्या खिंडीत सूर्य नेमका मधोमध उतरला आणि तेजश्री “बाप रे!” म्हणाली. सटवाला वाटले, आपणच तो तिथे नेऊन ठेवला. तिने फोटो काढला आणि तक्त्याला जोडून पाठवला. मार्गशीर्षात दाखवलेली जागा वैशाखात कुणी गिळून टाकील, हे त्याच्या मनातही आले नाही.

“मानसं बसली तर मोर पान्यावर येनार न्हाईत. अन् अजून एक,” चौकीत बसल्या बसल्या तो म्हणाला. “उन्हाळ्यात सूर्य त्या खिंडीत मावळत न्हाई. हात लांब धरून मोजा, दोन वीत उजवीकडं सरकतो. टेकाडामागं जातो, ते बी अर्धा तास आधी. बाकडी खिंडीकडं तोंड करून बसवली तर लोकान्ला दगुड दिसंल.”

“पण फोटो आहे ना मामा!”

“फोटो मार्गशीर्षातला हाय.”

त्या संध्याकाळी तेजश्री स्वतः वर गेली. हात लांब धरून तिने वीत मोजली. सटवा खोटे बोलत नव्हता. तिने पत्र लिहिले: वडाचा माळ सातशे मीटरवर आहे, तिथे बाराही महिने सूर्यास्त दिसतो, गाडी थेट जाते, पाणवठा नाही. सतरा दिवसांनी उत्तर आले. मंजूर आराखड्यात बदल करता येणार नाही. खाली सही होती. सही करणाऱ्याने हा डोंगर पाहिलेला नव्हता.

काम महिनाभर चालले. मजूर पाच वाजता खाली उतरत, म्हणून तेवढे दिवस मोरांचे कसेबसे निभावले.

एक मेच्या संध्याकाळी उद्घाटन झाले. पर्यटन समितीचे अध्यक्ष विजयसिंह मधल्या बाकड्यावर बसले. सुमारे पन्नास माणसे, भेळेच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, एक कर्णा. सगळ्यांची तोंडे खिंडीकडे होती. सहा वाजून वीस मिनिटांनी उजवीकडच्या टेकाडामागे सूर्य गेला आणि पॉइंटवर सावली पडली. खिंडीत काहीच घडले नाही.

“झाला का सनसेट?” मागून कुणीतरी विचारले.

“कवा? मी तर भेळ खात व्हतो!”

हशा पिकला. विजयसिंहांनी मान वळवली. “ए सटवा, सूर्य कुठं गेला बे?”

“टेकाडामागं, आण्णा. खुंट्या ठोकल्या तवाच सांगितलं व्हतं.”

आता हशा अध्यक्षांवर होता. त्यांचा चेहरा आवळला. “बरं, सूर्य जाऊ दे. तू डबा वाजवला की मोर येतेत म्हणं. वाजव. पाव्हणे जालन्याहून आलेत.”

सटवाने जाळीकडे पाहिले. पानांआड एक लांडोर उभी होती. दिवसभराच्या उन्हाने तिने चोच वासली होती. तिच्या मागे आणखी माना दिसत होत्या.

“न्हाई वाजवनार.”

“काय म्हनलास?”

“त्या ठोक्यावर त्यांचा इस्वास हाय, आण्णा. ठोका पडला म्हंजी पानी हाय अन् मानूस न्हाई. सव्वीस सालात म्या खोटा ठोका दिला न्हाई.” मग त्याने सगळ्यांकडे पाहिले. “त्यान्ला बघायचं आसंल तर तुमी उठा. समदे. वडाच्या माळावर चला, तिथून अजून सूर्य दिसंल. हितं जनावराला पानी पिऊ द्या.”

एक माणूस अर्धवट उठला, अध्यक्षांकडे पाहून परत बसला.

“रोजंदारीवरचा मानूस, अन् आमाला उठ म्हनतो!” विजयसिंह म्हणाले. “बंकट, घे तो डबा.”

बंकटने दगड उचलला. क्षणभर तो सटवाकडे पाहत राहिला, मग नजर चुकवून त्याने तीन ठोके दिले.

लांडोर बाहेर आली. एक पाऊल, दुसरे, पाचवे. फरशीवर तिची नखे घसरली. पन्नास हात मोबाइल घेऊन वर उठले, कर्ण्यातून “ती बघा, ती बघा!” असा ओरडा झाला आणि ती पाण्यापासून दोन हातांवर असताना उलटी उसळली. जाळीतून फडफडाट उठला. पुढच्या काही मिनिटांत सगळे पक्षी जड पंखांनी पलीकडच्या झाडांवर चढले. त्यांतला एकही पाणी प्यायला नव्हता.

“आला फोटो?” कुणीतरी विचारले.

“हलला.”

विजयसिंहांनी उतरताना तेजश्रीला सांगितले की हा माणूस उद्यापासून कामावर दिसता कामा नये.

गाड्या गेल्या. फरशीवर भेळेचे कागद उरले. सटवा पाणवठ्यातली एक बाटली काढत होता.

“मामा,” तेजश्री म्हणाली, “माझं चुकलं. आपण दुसरा पाणवठा करू. तुम्हाला जागा माहीत असेल. उद्या मला दाखवा, मी कसंही करून मंजूर करून आणते.”

“जागा हाय,” सटवा म्हणाला. “सकाळी झाडावरून उतरले की पितेल तिथं.”

“कुठं?”

त्याने तिच्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना.

“तुमी चांगल्या हायत, मॅडम. पन दाखवनार न्हाई.”

“मी कुठंही लिहिणार नाही, मामा.”

“आज न्हाई लिव्हनार. उद्या वरून तक्ता येईल.”

पाणवठ्यात वाकून त्याने दोन्ही डबे काठोकाठ भरले आणि कावड खांद्यावर घेतली. तेजश्रीला वाटले, तो आता निघेल. तो निघाला नाही. डोळ्यांनी त्याने तिला चौकीकडची पायवाट दाखवली. ती उतरू लागली. पहिल्या वळणावर तिने मागे पाहिले, दुसऱ्या वळणावरही पाहिले. तीस लिटर पाणी खांद्यावर पेलून सटवा होता तिथेच उभा होता, ती दिसेनाशी होण्याची वाट पाहत.