भैय्याजींच्या बंडीचा उजवा खिसा

मी बोलतोय, भैय्याजींच्या बंडीचा उजवा खिसा. खुंटीवर लटकल्या लटकल्याच बोलतो, कारण सरळ राहण्याइतका जीव आता माझ्या शिवणीत उरलेला नाही.

माझा जन्म तळेगावच्या बाजारात, ताराचंद शिंप्याच्या मशीनवर झाला. जाड खाकी कापड, आतून पांढरं अस्तर. भैय्याजींचा जुना खिसा ताराचंदने पाहिलेला होता. तो म्हणाला, "भैय्याजी, खिसा हाय हा, कोठा नाई. जरा दमानं घेजा." भैय्याजी हसले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यात लोखंडी पाना टाकला.

भैय्याजी भाजीपाला पिकवतात. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. माणूस वाईट नाही. फक्त वस्तू खाली ठेवली की ती हरवलीच, असं त्यांना वाटतं. म्हणून सगळं माझ्यात. मोबाइल, चुन्याची डबी, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी, फवारणी पंपाचं नोझल, मोटरचा जळका फ्यूज, सुतळी, आधार कार्डाची झेरॉक्स. शिवाय केळझरच्या गणपतीचा खोबऱ्याचा तुकडा, जो प्रसाद म्हणून फेकवत नाही आणि चुना लागल्यामुळे खाववत नाही. एकदा कारंज्याला लग्नात जनरेटर बंद पडला, तेव्हा यांनी माझ्यातून वायरीचा तुकडा काढून दिला. नवरदेवाच्या मामाने पाठ थोपटली. थाप त्यांच्या पाठीवर पडली, भोगतोय मी.

त्यांची बायको पंचफुला दर धुण्याला मला उलटं करते.

"काय काय भरून राह्यले तुमी? माणूस हा का भंगारवाला?"

"राहू दे वं, कामी येते."

सात वर्षं मी हेच ऐकतोय. ती बोलते खरी, पण प्रत्येक वस्तू पुसून परत देते. माझा तळ दोनदा फाटला, दोनदा तिनेच शिवला. यंदा पोळ्याच्या सुमारास तिसऱ्यांदा फाटला. "मले शिवू तर द्या," ती म्हणायची. पण बंडी अंगातून निघेल तर ना!

आणि त्याच आठवड्यात ते घडलं.

पंचफुलाच्या माहेरी एक वांगं होतं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं की भरताचा वास गल्लीभर. ते बियाणं दुकानात मिळत नाही. तिची आई दरवर्षी एक फळ झाडावर पिवळं होईस्तोवर राखायची, बिया धुऊन राखेत घोळायची आणि लेकीला द्यायची. आई मागच्या उन्हाळ्यात गेली. तिच्या हातचं शेवटचं बियाणं, तिच्याच लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं, पंचफुलाने नवऱ्याच्या हाती दिलं.

"हातातच ठेवजा. खिशात नोका टाकू."

"हो वं."

शेताच्या धुऱ्यावर फोन वाजला आणि पुरचुंडी माझ्यात आली.

माझ्यात मिरचीच्या बियांची एक पुरचुंडी आधीपासून होती. वांग्याची पुरचुंडी पान्याखाली दबली, घसरली आणि फाटक्या तळातून अस्तरात उतरली. मी धरायला हवी होती. नाही धरता आली, खोटं कशाला बोलू? वाफ्याजवळ भैय्याजींनी हात घातला, हाती लागली ती चिंधी सोडली आणि बी टाकलं. मिरचीचं आणि वांग्याचं बी दिसायला सारखंच. चिंधीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

पुढे पावसाची झड लागली. अंगावरची बंडी चार दिवस ओलीच होती आणि अस्तरातली पुरचुंडीही.

रोपांना पानं फुटली तेव्हा पंचफुलाने एक पान बोटांत चोळून पाहिलं. वांग्याचं पान खरबरीत असतं. हे गुळगुळीत होतं.

"हे तं मिरची होय," ती म्हणाली आणि वाफ्याशेजारीच खाली बसली. "माह्या मायचं एवढंच उरलं होतं जी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भैय्याजींनी अंगणात मला पूर्ण रिकामं केलं. पाना, फ्यूज, खोबरं, सगळं मातीत. बी मिळालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मोकळा झालो होतो आणि मला जराही हलकं वाटलं नाही.

तीन दिवसांनी पंचफुला सवयीने मला शिवायला बसली. अस्तरात तिच्या बोटांना गाठ लागली. तिने मला मांडीवर उलटं करून ती चिंधी सोडली. बहुतेक बिया काळ्या पडल्या होत्या. चौदा तेवढ्या बऱ्या दिसत होत्या.

तिने माझा तळ शिवला. मग तोंडही शिवून टाकलं.

"मंग मी ठेवू कुठी?" भैय्याजींनी विचारलं.

"हातात."

घरापासून वावरापर्यंत ते त्या चौदा बिया मुठीत आवळून गेले. वाटेत सदऱ्याच्या खिशात फोन वाजला, तो वाजू दिला.

त्याला आता नऊ दिवस झाले. दोघं रोज वाफा पाहून येतात आणि हातपाय धुतात. मी बंद आहे. असाच आराम मी सात वर्षं मागत होतो, आणि थकलोही खूप आहे.

पण पंचफुला, एक ऐकून घे. तू मांडीवर गाठ सोडलीस तेव्हा एक बी निसटून माझ्या कोपऱ्यात अडकलं. काळं नाही, चांगलं आहे. वाफ्यात काहीच उगवलं नाही, तर माझे टाके उसव आणि उजव्या बाजूला शिवणीखाली बोट घाल. एवढं एक मी सांडू दिलेलं नाही.